अक्कलदाढ आणि चंदेरी घुबड

अक्कलदाढ हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते तिला पत्त्यांच्या दुकानात पडलं. उशिरा उगवली, आली ती शेजारच्यांना ढकलत आली, आणि ठणकायला लागली की भल्याभल्यांच्या डोळ्यांतून पाणी काढते, असा त्या नावाचा खुलासा दुकानदार नव्या गिऱ्हाइकांना हलक्या आवाजात करी. तोंडावर सगळे तिला ताईच म्हणत. तिला दोन्ही नावं ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसरंच तिला जास्त आवडायचं.

धंदाही दातांचाच. एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, लांबट, पांढऱ्या धुळीने माखलेल्या खोलीत ती कवळ्या करायची. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे साचे यायचे. त्यांत प्लास्टर ओतायचं, उबेच्या कपाटात ते खडखडीत वाळवायचं, मेणावर एकेक दात रचायचा, आणि शेवटी लोखंडी दाबयंत्राखाली गुलाबी हिरडी घडवायची. काम चोख. इतकं चोख की डॉक्टर मंडळी तिची जीभ सहन करून तिच्याकडेच काम पाठवत. एकदा एक म्हातारबुवा कवळी बोचते म्हणून थेट तिच्याकडे आले. तिने कवळी उजेडात धरली, मग म्हातारबुवांकडे पाहिलं आणि म्हणाली, "कवळी बरोबर आहे. तुमचं तोंड बदललंय." बिचारे आले तसे गेले, बोचरी कवळी घालूनच.

हातात कसब देवाने घातलेलं असतं, आपण फक्त राखण करायची. तिने ते कसब स्वतःचं समजलं. पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

आता त्या पत्त्यांबद्दल सांगते. चार जण बसून बावन्न पानं वाटून घेतात तो हा खेळ नव्हे. इथे प्रत्येक जण आपापली गड्डी घरून बांधून आणतो. दुकानात बंद पाकिटं मिळतात. आत काय निघेल ते नशीब. बहुतेक कार्डं कचऱ्यात टाकण्याच्या लायकीची निघतात, पण एखादं असं निघतं की त्याच्यासाठी माणसं परगावाहून येऊन दारात उभी राहतात. अक्कलदाढेच्या घराण्यात तसं एक निघालं होतं. चंदेरी घुबड.

ती नुकती कामाला लागली होती तेव्हाची गोष्ट. पहिल्या पगारातून तिने धाकट्या भावासाठी एक पाकीट आणलं. भाऊ तेव्हा शाळेत. त्याने ते दातांनी फाडलं आणि आतून घुबड निघालं. काळ्या आभाळावर चंदेरी पंख पसरलेलं, डोळे पिवळेजर्द, आणि कार्ड हलवलं की पंखही हलल्यासारखे वाटायचे. आई म्हणाली, "शी! घुबड कुठे घरात ठेवतात?" म्हणून ते कपाटाच्या खालच्या खणात गेलं. पुढे छापणाऱ्यांनी ती चकाकी बंद केली, आणि बघता बघता त्या एका कार्डाच्या किमतीत दारात नवी दुचाकी उभी राहील अशी वेळ आली. शिवाय खेळातही ते जहाल. घुबड टेबलावर उतरलं की समोरच्याला हातातली सगळी कार्डं उताणी मांडून खेळावं लागे. डोळसाने आंधळ्याशी खेळावं, तसलाच प्रकार.

आणि हे घुबड भावाने लग्न ठरल्यावर बायकोला देऊन टाकलं. दुसरं काही सुचलं नाही म्हणे त्याला.

तेव्हापासून नणंद-भावजयीत विळ्या-भोपळ्याचं सख्य. भांडणाचा मजकूर ठरलेला.

"पाकीट माझ्या पगाराचं होतं, बाळ्या."

"पण तू मला दिलं होतंस ना, ताई?"

"तुला दिलं होतं. तुला! तिला नाही."

बाळ्या हा बाळ्या राहण्याच्या वयाचा उरला नव्हता. टक्कल पडलं होतं. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. बहीण आणि बायको यांच्यामध्ये तो कायम दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला असे. वरून हाक आली की वर बघायचा, खालून आली की खाली.

भावजय पाणीपट्टीच्या खिडकीवर बसायची. दिवसभर काचेच्या भोकातून माणसांचे हात तेवढे बघायची आणि "सुटे द्या" म्हणायची. त्यामुळे तिचीही जीभ धारेला लागलेली होती. पत्त्यांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण नणंद दर रविवारी दुकानाच्या माडीवर खेळायला जाते, आणि तिथे चारचौघांत आपल्याला 'घुबडचोर' म्हणते, हे कानावर आल्यावर ती एक दिवस स्वतःच जाऊन बसली. नोटा मोजणाऱ्या बोटांना गड्डी पिसायला किती वेळ लागतो? वर्षभरात ती नणंदेच्या तोडीस तोड झाली, आणि मग चार बोटं वरच गेली. हे अक्कलदाढेला जिव्हारी लागलं. घुबड गेलं ते गेलं, वर खेळही गेला.

माडीवर दोघी समोरासमोर आल्या की बाकीची टेबलं थांबायची.

"वन्सं, तुमची पाळी आहे. की पुढच्या रविवारी यायचं?"

"विचार करतेय. तुम्हाला त्याची सवय नसेल. खिडकीवर काय, पैसे घ्यायचे अन् शिक्का मारायचा."

"शिक्काच मारतेय आता. हे घ्या घुबड. दाखवा कार्डं."

"दुसऱ्याच्या जिवावर उड्या मारायला अक्कल लागत नाही."

"हरल्यावर सगळ्यांनाच असं वाटतं. नाचता येईना, अंगण वाकडं."

अशा दोघी. एकमेकींना पाण्यात पाहायच्या आणि एकमेकींशिवाय एक रविवार काढायच्या नाहीत.

एका दुपारी बाळ्या कामाच्या कपड्यांतच, हाताला ग्रीस तसंच, बहिणीच्या कामाच्या खोलीत आला. अक्कलदाढ दात घासत होती, म्हणजे कवळीचे. तिने मान वर केली नाही.

"ताई, एक काम होतं."

"काम असल्याशिवाय बहीण आठवते का कुणाला? बोल. कोण अडकलंय लिफ्टमध्ये?"

त्याने खिशातून कडक प्लास्टिकची डबी काढली आणि टेबलावरचा भुगा फुंकून मधोमध ठेवली. आत घुबड होतं. पण कसं? कौलासारखं पाठीतून वाकलेलं.

अक्कलदाढेच्या हातातलं यंत्र थांबलं. कितीतरी वर्षांत ती त्या कार्डाच्या इतक्या जवळ आली नव्हती. आली होती ती समोर बसून, मार खाताना.

"काय केलंत याचं? वाफेवर शिजवलंत की काय?"

"स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवलं होतं. खाली शेगडी. लक्षात नाही आलं कुणाच्या."

"नाहीच येणार. चोरीचा माल कुठे ठेवायचा ते कळायला पण डोकं लागतं."

"ताई, ऐक तरी. येत्या रविवारी मोठी स्पर्धा आहे. पहिला येईल तो वरच्या स्पर्धेला जातो. आणि घुबडाची ही शेवटचीच स्पर्धा. त्यानंतर त्याच्यावर बंदी येतेय. खेळात चालणारच नाही ते."

हे तिलाही माहीत होतं. घुबडाने सगळीकडेच इतका उच्छाद मांडला होता की नियम करणाऱ्यांनी शेवटी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला होता. आणि वाकलेलं कार्ड गड्डीत चालत नाही, हेही तिला माहीत होतं. एकच कार्ड वाकडं असलं की ते गड्डीत उचललेलं दिसतं. पाठ बघूनच घुबड कुठे आहे ते ओळखू येतं. त्याला खुणेची गड्डी म्हणतात, आणि पंचांना ती दिसली की सगळा खेळ संपतो.

"मग मी काय करू?"

"सपाट करून दे. तुझ्याकडे यंत्र आहे, हात आहे. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची तिची हिंमत नाही."

"तिची! आणि माझ्या हातात द्यायची आहे?"

बाळ्याने डबी तिच्याकडे सरकवली. "ती म्हणाली, हा एक रविवार मला खेळू द्या. जिंको, हरो, संध्याकाळी घुबड वन्संचं. डोक्याची कटकट एकदाची जाऊ दे. फक्त एकच अट घातलीय. कार्ड असं पाहिजे की स्पर्धेत त्याच्यावर कुणी बोट ठेवता कामा नये."

"असं म्हणाली? स्वतःच्या तोंडाने?"

"देवाशपथ."

अक्कलदाढेने डबीवर वाकून घुबडाची पाठ पाहिली. मग म्हणाली, "बोट कशाला, डोळा ठरणार नाही. ठेव तिथं अन् जा. आणि जाताना ते ग्रीसचे हात दाराला लावू नकोस."

तो गेल्यावर तिच्या मनात काय काय आलं नसेल! हातात टोकदार सुया होत्या, तापलेलं मेण होतं, आम्लाच्या बाटल्या होत्या. वर्षानुवर्षांचा राग काढायला एवढी आयती संधी शत्रूने स्वतः चालत आणून दिली होती. पण देव साक्षी आहे, तिने त्यातलं काही केलं नाही. उद्या आपल्याच घरी राहायला येणाऱ्याचं डोकं आज कोण फोडतं? तिने हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले, आणि कार्ड असं उचललं की जणू नुकतं जन्मलेलं पोर.

ओलीने वाकलंय, तर ओल काढली पाहिजे. सरळ हिशेब. तिने ते उबेच्या कपाटात, प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेत आडवं ठेवलं आणि रोज पालटत राहिली. ते हळूहळू पाठ सैल करत आलं. मग दोन काचांमध्ये धरून दाबयंत्राखाली, अगदी हलक्या दाबाने, जसं ती नाजूक कवळीला धरायची तसं. बाहेर काढल्यावर तिने काचेवर कार्ड ठेवून खाली वाकून बघितलं. कार्ड आणि काच यांच्यामधून केससुद्धा गेला नसता. घुबडाने पंख पसरले होते आणि पिवळे डोळे तिच्याकडेच लागले होते.

"ये घरी," ती पुटपुटली. असं गोड ती कुणाशी बोललेली कुणी ऐकलं नव्हतं.

शनिवारी ती स्वतः डबी घेऊन भावाकडे गेली. भावजयीने दार उघडलं, आत घेतलं, पाणी विचारलं नाही. कार्ड तिने स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं आणि एक डोळा मिटून बाजूने पाहिलं. मग दुसरा डोळा मिटून पाहिलं.

"ठीक आहे."

"ठीक आहे? काच आहे ती काच."

"काच फुटते, वन्सं."

"तुमच्या हातात असली की फुटतेच. उद्या संध्याकाळी मी न्यायला येणार आहे. तेवढा वेळ जपा."

"शब्द दिलाय ना? आमच्याकडे दिलेला शब्द परत मागत नाहीत. दिलेल्या पाकिटांचं माहीत नाही."

बाळ्या मधे उभा राहून ओटा पुसत होता. ओटा स्वच्छच होता.

स्पर्धा भरायची ती पोहण्याच्या तलावाच्या वरच्या दालनात. भाडं कमी म्हणून दुकानदाराने ती जागा धरली होती, आणि दरवर्षी तीच असायची. खाली बंदिस्त तलाव, गरम पाण्याचा. वर भिंतींना घाम फुटलेला, खिडक्यांच्या काचा धुरकट, जिन्यावर ओल्या पावलांचे ठसे, आणि सगळीकडे औषधी पाण्याचा तो नाकात चढणारा वास. त्यात दालन माणसांनी गच्च भरलेलं. कपाळं पुसत, कार्डं पिसत, एकमेकांच्या उखाळ्या-पाखाळ्या काढत सगळे बसले होते.

अक्कलदाढही खेळायला बसली होती, पण लवकरच एका कॉलेजातल्या पोरीकडून हरली. पोरगी हात मिळवायला आली तर ही म्हणाली, "नशीब आहे तुझं. दात काढ आता, पुढे घालायला माझ्याकडेच येशील." आणि उठून दोरीपलीकडे प्रेक्षकांत जाऊन उभी राहिली. हरल्याचं तिला आज फारसं वाटलं नाही. तिचा डोळा भावजयीच्या गड्डीवर होता. त्या गड्डीत तिचं घुबड होतं, आणि संध्याकाळ व्हायला फार वेळ उरला नव्हता.

भावजय एकामागून एक डाव जिंकत गेली. घुबड उतरायचं, समोरचा कार्डं उताणी मांडायचा, आणि खेळ संपायचा. दुपार कलली तेव्हा ती अंतिम फेरीत होती. समोर एक टकला शिंपी. मापं घ्यायची सवय असलेला, समोरच्याला डोक्यापासून पायापर्यंत नजरेने मोजणारा माणूस. पहिला डाव भावजयीने मारला, दुसरा शिंप्याने. आता तिसरा, शेवटचा.

भावजयीने गड्डी पिसली आणि टेबलाच्या मधे ठेवली. तेव्हा अक्कलदाढेला ते दिसलं.

गड्डीच्या बाजूला, मधल्या भागात, एक फट. बारीक. दुसऱ्या कुणाला दिसलीही नसती. पण जन्म ज्या बाईने हिरडी आणि कवळी यांच्यातली फट शोधण्यात घालवला, तिला ती खिडकीएवढी दिसली. खेळताना प्रत्येक कार्डाला प्लास्टिकचं कव्हर घालतात, त्या कव्हरातही घुबडाने पाठ उचलली होती.

आणि त्याच क्षणी तिला कळलं. कुणी सांगावं लागलं नाही. कवळी करून देताना प्रत्येक माणसाला ती एकच गोष्ट बजावत आली होती: रात्री पाण्यात ठेवा, वाळू देऊ नका, नाहीतर वाकेल. ज्या तोंडात राहायचं त्या तोंडाची ओल कवळीला आधीच लागलेली असावी लागते. आणि हे कार्ड तिने प्लास्टरसारखं खडखडीत वाळवलं, आणि या घामट दालनात पाठवलं. सकाळपासून ते तहानलेलं कार्ड इथली वाफ पीत बसलं होतं. या दालनात ती कितीदा खेळली होती! भिंतींना फुटलेला घाम तिने स्वतः रुमालाने पुसला होता.

तोंड उघडायची सोय नव्हती. प्रेक्षकाने खेळणाऱ्याला काही सुचवलं तर खेळणाराच बाद होतो. ती दोरी घट्ट धरून उभी राहिली. मनात तिने देवाचं नाव घेतलं की नाही, ते देवालाच ठाऊक.

शिंप्याने भावजयीची गड्डी कापायला हात पुढे केला. या खेळात समोरच्याची गड्डी कापायचा हक्क असतो. त्याने दोन बोटांनी वरचा भाग उचलला, थांबला, परत ठेवला. पुन्हा उचलला. गड्डी आपोआप त्याच जागी तुटत होती. त्याने मापाची फीत गळ्यात टाकावी तशी मान हलवली आणि हात वर केला.

"पंच!"

पंच म्हणजे आवाज न चढवणारी एक बाई होती. ती आली, टेबलाशी ओणवी झाली, गड्डीकडे बाजूने पाहिलं. मग फटीत नख घालून गड्डी उघडली. घुबड. पुन्हा पिसली, पुन्हा बाजूने पाहिलं, पुन्हा उघडली. घुबड. तिसऱ्यांदा ती गड्डीकडे बघतसुद्धा नव्हती, नुसतं बोटाने चाचपलं. घुबडच.

खालच्या तलावात कुणीतरी उडी मारल्याचा आवाज दालनात आला, इतकी शांतता.

"मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही," पंचबाई म्हणाल्या. "पण गड्डी खुणेची आहे. हा डाव तुम्ही हरलात. म्हणजे फेरीही."

भावजयीने कार्डं गोळा केली. एकेक, नोटा मोजताना करायची तशी, कोपऱ्याला कोपरा लावून. घुबड वेगळं काढून डबीत ठेवलं. आणि मग तिने वर पाहिलं, सरळ दोरीकडे.

जिन्याच्या वरच्या कठड्याशी तिने नणंदेला गाठलं. मागून अर्धं दालन आलं. बाळ्या मधे घुसला, नेहमीसारखा.

"वा, वन्सं! काम फत्ते झालं."

"मी काही केलेलं नाही."

"हो ना! उभ्या राहून बघत होतात, दोरी धरून. सगळ्यांच्या आधी तुम्हाला दिसलं. तोंड पाहिलं मी तुमचं. एवढी वर्षं जे खेळून जमलं नाही, ते वाळवून जमवलंत!"

"तोंड सांभाळा. खिडकी नाहीये ही."

"अगं पण थांब," बाळ्या म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "जरा विचार कर. तिने मुद्दाम कशाला करावं? संध्याकाळी कार्ड तिच्याकडेच जाणार होतं! स्वतःच्या मालाचा कुणी सत्यानाश करतं का?"

भावजय थबकली. ती वाईट होती, पण अन्यायी नव्हती. दिवसभर हिशेब जुळवणारीला हिशेब नाकारता येत नाही. तिने नणंदेकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा राग तसाच होता, पण त्याची जागा बदलली.

"खरंय," ती म्हणाली. "मग चूक झाली. जमलं नाही तुम्हाला. एवढंच म्हणा. इथे, या सगळ्यांसमोर: 'माझ्या हातून चूक झाली.' आणि घेऊन जा हे घुबड. स्पर्धा गेली ती गेली, पण दिलेला शब्द मी खाणार नाही."

आणि तिने डबी पुढे धरली.

अक्कलदाढेच्या हाताच्या अंतरावर ते होतं. पाठीतून वाकलेलं, पिवळ्या डोळ्यांचं. पहिल्या पगाराचं. चार शब्द होते, आणि तेही खरे. खरं बोलायला जिभेला काय कष्ट पडतात? लहान लेकरू बोलतं. बाळ्या हात जोडून उभा होता. "म्हण ना, ताई. संपव."

तिचे ओठ हललेही. बाळ्या शपथेवर सांगतो की हलले.

तेवढ्यात मागून शिंपी बोलला. वाईट हेतूने नाही, जिंकल्याच्या आनंदात. "अहो, साधं कार्ड सपाट करता येईना, आणि यांच्या हातच्या कवळ्या लोक तोंडात घालतात!"

जिनाभर हशा पिकला.

अक्कलदाढेने मान वर केली. "चूक?" ती म्हणाली. "माझ्या हातून? इतक्या वर्षांत झाली नाही ती आज होईल? मुद्दाम केलं. असं बसवलं होतं मी ते की सकाळी काच दिसावी आणि शेवटच्या डावात पाठ उचलावी. जमवून दाखवा कुणी तसं!"

हशा विझला. कुणीतरी "बाप रे" म्हणालं, आणि त्यात भीतीबरोबर थोडं कौतुकही होतं. ते तिने टिपलं.

भावजयीचा हात मागे आला. डबीचं झाकण टक् करून लागलं.

"ऐकलंस?" ती नवऱ्याला म्हणाली. मग नणंदेकडे वळली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडातलं 'वन्सं' गळून पडलं. "तू माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाहीस. घुबड मी विकेन, जाळेन, नाहीतर उंदरांना घालेन. तुझ्या दृष्टीस पडणार नाही."

"चोरीचा माल आहे. काय वाटेल ते कर."

ती जिना उतरून गेली. बाळ्या मागे राहिला. माणसं पांगली तरी तो कठड्याला टेकून उभाच होता.

"ताई, तू खोटं बोललीस."

"लिफ्टवाल्याला काय कळतं यातलं?"

"मला एवढंच कळतं की तू ते कार्ड कसं हातात धरून आणलं होतंस. तुझ्या हातून चूक झाली, आणि तुला ती सांगता आली नाही. चूक केली असं म्हणायच्या ऐवजी पाप केलं म्हणालीस."

तिने पर्स चाचपली, रुमाल काढला, हाताला लागलेली दोरीची धूळ पुसली. खालून बायकोने हाक मारली. या वेळी बाळ्याने वर बघितलं नाही. उतरून गेला.

देवापुढे खोटं बोलणारी माणसं पुष्कळ असतात. न केलेलं पुण्य जो तो स्वतःच्या नावावर लावून घेतो. न केलेलं पाप अंगावर ओढून घेणारी ही एकच मी ऐकली. आणि कशासाठी? तर हात चुकला असं कुणी म्हणू नये म्हणून. देव तरी या खात्यावर काय लिहीत असेल!

घुबड विकलं गेलं नाही, जाळलंही नाही. भावजयीने ते बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं, असं दुकानदार सांगतो. शेगडीपासून लांब.

अक्कलदाढेचं काम कमी झालं नाही. उलट वाढलं. वाईट माणूस आहे, पण हात बघा, असं डॉक्टर मंडळी म्हणू लागली. तिच्या कानावर ते आलं की ती दिवसभर खुशीत असे. माडीवरही ती दर रविवारी जाते. कुणी नवीन विचारलं तर ते कार्ड कसं वाळवलं, कुठे किती दाब दिला, कसं मोजून वाकवलं, ते सगळं रंगवून सांगते. दर वेळी त्यात नवं काहीतरी असतं. भाऊ मात्र त्यानंतर कामाच्या खोलीत आला नाही. त्या इमारतीची लिफ्ट बिघडली तरी तो दुसऱ्या माणसाला पाठवतो.

माडीवर आता एक नवा रिवाज पडलाय. समोरच्याची गड्डी कापायचा हक्क प्रत्येकाला असतो, पण अक्कलदाढ समोर असली की लोक आपली गड्डी तिच्या हातात देत नाहीत. पंचांना बोलावतात. पंच येतात, कापतात, ठेवतात. तेवढा वेळ तिने दोन्ही हात टेबलावर, सगळ्यांना दिसतील असे ठेवायचे.

मागच्या रविवारी त्या कॉलेजातल्या पोरीनेही पंचांना हाक मारली. अक्कलदाढेने न सांगता हात पुढे ठेवले. प्लास्टर नखांच्या कडांत बसलेले, स्थिर, एक बोटही न हलणारे.

"घाबरतेस होय?" तिने विचारलं.

"हो," पोरगी म्हणाली.

"बरं करतेस," अक्कलदाढ म्हणाली, आणि पंच येईपर्यंत हात तसेच ठेवून बसली.